दागेरच्या आरशातल्या बायका: जुने डॅगेरोटाइप जमवायला सुरुवात करताना

डॅगेरोटाइप, म्हणजे छायाचित्राचा एक अगदी जुना प्रकार, पहिल्यांदा हातात घेतला की बहुतेकांना आधी स्वतःचंच तोंड दिसतं. चांदीचा थर दिलेली, घासूनपुसून लखलखीत केलेली तांब्याची प्लेट. सरळ धरली तर निव्वळ आरसा. मग हात जरासा कलतो, प्लेटसमोर एखादी काळी बाही किंवा अंधारा कोपरा येतो, आणि तुमच्या तोंडाच्या जागी पावणेदोनशे वर्षांपूर्वीची कुणी बाई बसलेली दिसते. मधोमध भांग, गळ्याशी ब्रोच, हात मांडीवर. प्लेट आणखी थोडी कलली की तीच बाई निगेटिव्हसारखी उलटते, चेहरा काळा आणि पोशाख पांढरा.

हा खेळ आवडला की माणूस या छंदात शिरतो, आणि शिरताना जवळपास प्रत्येक जण एकच चूक करतो. प्लेट नीट बघायच्या आधी तो विकणाऱ्याची गोष्ट ऐकतो. "ही एका कप्तानाची विधवा", "ही जुळ्या बहिणींपैकी एक", "ही फोटोतच मेलेली आहे". खालच्या सगळ्या पायऱ्या हा क्रम उलटा करण्यासाठी आहेत. आधी प्लेट, मग डबी, मग पोशाख, आणि गोष्ट सगळ्यात शेवटी.

स्त्रियांच्या चित्रांपासून सुरुवात करायला मी सांगतो त्याचं कारण साधं आहे. पुरुषांचे काळे कोट वर्षानुवर्षं सारखेच दिसतात, पण बायकांच्या बाह्या, कॉलर आणि केशरचना सतत बदलत गेल्या. त्यामुळे काळ ओळखायचा सराव इथे लवकर होतो. शिवाय निनावी स्त्रियांची चित्रं बाजारात भरपूर असतात, तेव्हा शिकताना हात पोळला तरी फार पोळत नाही.

पहिली पायरी: वस्तू कशी बनली ते समजून घ्या

लुई दागेर या फ्रेंच संशोधकाच्या या शोधाची घोषणा पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ७ जानेवारी १८३९ रोजी झाली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला कृती जगासमोर आली. फ्रेंच सरकारने दागेरला आणि त्याचा दिवंगत भागीदार नीएप्स याच्या मुलाला पेन्शन देऊन ती खुली केली होती. इंग्लंडमध्ये मात्र तिचं पेटंट घेतलेलं होतं. पुढची साधारण वीस वर्षं हा या तंत्राचा काळ. १८६० च्या सुमारास ते मागे पडलं.

कृती अशी. चांदीची बाजू घासून आरसा करायची. तिला आयोडीनची वाफ द्यायची, पुढे वेग वाढावा म्हणून ब्रोमीनचीही. कॅमेऱ्यात प्रकाश दाखवायचा, मग तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरून चित्र उमटवायचं. हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) द्रावणात उरलेलं रसायन धुऊन टाकायचं आणि शेवटी सोन्याच्या क्षाराचं पाणी वरून तापवून चित्र जरा टणक करायचं. ही सोन्याची युक्ती १८४० मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने काढली.

संग्राहकाच्या कामाच्या तीन गोष्टी यातून निघतात. एक, इथे निगेटिव्ह नसते, म्हणून प्रत्येक प्लेट एकुलती एक. दोन, चित्र म्हणजे पृष्ठभागावर बसलेले चांदी-पाऱ्याचे अतिसूक्ष्म कण. बोट किंवा मऊ फडकं फिरलं तरी ते निघून येतात. तीन, चित्र आरशासारखं डावं-उजवं उलटं असतं. म्हणजे उजव्या हातात अंगठी दिसली तर ती प्रत्यक्षात डाव्या हातात होती. काही छायाचित्रकार आरसा किंवा प्रिझम लावून चित्र सुलटं घेत, पण ते थोडे.

आता वेळेबद्दल. न्यू यॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपरने १८४० साली आपल्या बहिणीचं, डोरोथी कॅथरीनचं, चित्र घेतलं तेव्हा ती ६५ सेकंद न हलता बसली होती. स्त्रीच्या उपलब्ध छायाचित्रांपैकी ते अगदी सुरुवातीचं. १८५० च्या दशकात हीच वेळ काही सेकंदांवर आली, तरी डोक्यामागे लोखंडी आधार लावलेला असायचाच. तेव्हा ओठ घट्ट मिटलेली, रोखून बघणारी बाई दुखी आहे, कजाग आहे असले निष्कर्ष काढू नका. तिला फक्त हलायचं नाहीये.

दुसरी पायरी: हा खरंच डॅगेरोटाइप आहे का?

माझी पहिली खरेदी डॅगेरोटाइप नव्हती. वर्णनात तसं लिहिलं होतं, डबी तशीच होती, आत गोड चेहऱ्याची मुलगी होती. पार्सल उघडून मी ती डबी खिडकीपाशी अर्धा तास कलती करत बसलो, आणि मुलगी काही केल्या निगेटिव्ह होईना. ती अँब्रोटाइप होती. विकणाऱ्याने फसवलं असंही म्हणता येत नाही, त्यालाही फरक ठाऊक नव्हता.

त्या काळात तीन प्रकारची चित्रं सारख्याच डब्यांत विकली जात. अँब्रोटाइप काचेवर असतो, मागे काळा रंग किंवा काळं कापड असतं. तो कुठूनही बघितला तरी निगेटिव्हसारखा उलटत नाही, त्याच्यात आरसा नाही. टिनटाइप लोखंडाच्या पातळ, काळ्या पत्र्यावर असतो, दिसायला मळकट करडा, आणि त्याला लोहचुंबक चिकटतं. डॅगेरोटाइपची खूण आरसा आणि उलटापालट, बाकी काही नाही. डबीवरून कधीच ठरवू नका.

प्रत्यक्ष हातात नसताना हे कसं कळणार? विकणाऱ्याकडून दोन फोटो मागा, एक समोरून आणि एक तिरका. तिरक्या फोटोत प्लेटवर खोलीचं प्रतिबिंब दिसायला हवं. खऱ्या डॅगेरोटाइपचा फोटो काढणं अवघड असतं, त्यात बहुधा फोन, बोटं, छत असं काहीतरी येतंच. अगदी स्वच्छ, प्रतिबिंबाचा मागमूस नसलेला एकच फोटो दाखवला असेल तर मी दुसरा मागितल्याशिवाय पुढे जात नाही.

अधूनमधून नवे डॅगेरोटाइपही दिसतात. ही कला आजही काही जण करतात, उघडपणे आणि उत्तम. अशी प्लेट जुन्या डबीत बसवली गेली की घोटाळा होतो.

तिसरी पायरी: विकत घेण्याआधी शंभर चेहरे बघा

ही पायरी फुकट आहे, तरी सगळे गाळतात ती हीच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे ७०० हून अधिक डॅगेरोटाइप आहेत आणि त्यांची मोठ्या आकारातली चित्रं ऑनलाइन बघता येतात. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन म्युझियमचा संग्रहही मोठा आहे. बॉस्टनच्या साउथवर्थ आणि हॉज यांच्या स्टुडिओतली स्त्रियांची चित्रं आवर्जून शोधा. प्रकाश चेहऱ्यावर कसा पडू द्यायचा हे त्या दोघांना उमगलं होतं. कॅमेऱ्यामागेही बायका होत्या हे बघायचं असेल तर लाइप्झिगची बेर्था वेनर्ट-बेकमान शोधा. तिने १८४३ मध्ये नवऱ्याबरोबर तिथे स्टुडिओ सुरू केला, आणि तो वारल्यावर स्वतः चालवला.

इतके चेहरे बघून झाले की चांगली प्लेट म्हणजे काय ते डोळ्यांना न सांगता कळायला लागतं. डोळ्यांतला प्रकाशबिंदू, लेसचा एकेक धागा, काळ्या पोशाखातल्या घड्या. भिंगाखाली ठेवली तरी चांगली प्लेट तपशील देतच राहते.

चौथी पायरी: प्लेट, डबी आणि पोशाख वाचा

आकार इंचांत आणि पूर्ण प्लेटच्या हिश्शांत सांगतात. पूर्ण प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंच, अर्धी सव्वाचार बाय साडेपाच, पाव सव्वातीन बाय सव्वाचार. सगळ्यात जास्त सापडते ती षष्ठांश, पावणेतीन बाय सव्वातीन इंच. नवमांश त्याहून लहान, दोन बाय अडीच. आकार मोठा तशी दुर्मीळ आणि महाग, पण लहान आकारातही अप्रतिम कामं आहेत. पहिली खरेदी षष्ठांशचीच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

डबीच्या आत एक पुडकं असतं: प्लेट, तिच्यावर पितळी पत्र्याची खिडकी म्हणजे मॅट, वर काच, आणि सगळ्याच्या कडा बांधणारी कागदी पट्टी. १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून या पुडक्याभोवती पातळ, लवचिक पितळी चौकटही येऊ लागली, तिला प्रिझर्व्हर म्हणतात. सुरुवातीचे मॅट जाड आणि साधे, अष्टकोनी किंवा लंबगोल खिडकीचे. १८५० च्या दशकातले पातळ आणि नक्षीने गजबजलेले. डबी लाकडाची, वर नक्षी दाबलेलं चामडं, झाकणात रेशमी किंवा मखमली गादी. १८५४ मध्ये सॅम्युएल पेकने लाख आणि लाकडाचा भुसा मिसळून साच्यात दाबलेल्या डब्यांचं पेटंट घेतलं. त्यांना युनियन केस म्हणतात, आणि काही लोक चित्रं सोडून फक्त त्याच जमवतात. कासवाच्या कवचाची डबी दिसली तर मोह आवरा. अशा वस्तूंच्या परदेशी खरेदी-विक्रीवर वन्यजीव करारांचे निर्बंध आहेत.

मखमलीवर किंवा मॅटच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव दाबलेलं असेल तर उत्तम. प्लेटच्या काठावर प्लेट बनवणाऱ्याचा छापही असू शकतो, उदाहरणार्थ कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या स्कोव्हिल कंपनीचा. पण तो बहुधा मॅटखाली दडलेला असतो, आणि तो बघण्यासाठी जुनी कागदी पट्टी फाडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ती पट्टी शाबूत असणं हाच आतलं पुडकं कुणी बदललेलं नसल्याचा चांगला पुरावा आहे.

कारण पुडकी बदलतात. सुंदर डबीत फुटकी प्लेट आणि फुटक्या डबीत सुंदर प्लेट अशी जोडी व्यापाऱ्याच्या हाती आली की तो काय करेल ते सांगायला नको. म्हणून डबीचं वर्ष म्हणजे चित्राचं वर्ष नव्हे.

आता पोशाख. १८४० च्या दशकात बाह्या दंडाला घट्ट, कंबर टोकदार आणि खाली उतरलेली, डोक्यावरचे केस चोपून कानांवरून नेलेले, कधी बाजूला कुरळ्या बटा. १८५० च्या दशकात बाही कोपराखाली घंटेसारखी पसरते आणि आतून पांढरी फुगीर दुसरी बाही डोकावते. कॉलर रुंद, कानांवरचे केस फुगवलेले. दशकाच्या उत्तरार्धात घेर प्रचंड वाढतो. हाताला बिनबोटांचे लेसचे मोजे दिसले तर खूश व्हा, ते भिंगाखाली फार देखणे दिसतात. मात्र पोशाखावरून "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगता येतं. साठीची बाई तरुणपणची टोपी घालून बसलेली असते, आणि तिला तो हक्क आहेच.

आणखी एक सापळा रंगाचा. ही प्लेट निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळी. त्यामुळे आकाशी झगा पांढरा दिसतो, लाल झगा काळा. निळे डोळे भुतासारखे फिके येतात. "काळा पोशाख, म्हणजे शोकात असलेली विधवा" हे वाक्य वर्णनात वाचलं की हे आठवा. तो झगा कदाचित डाळिंबी असेल. शोक ठरवायला काळी, बिनचमक वस्त्रं, काळे दागिने, गळ्याशी मृत माणसाच्या केसांचं ब्रोच अशा गोष्टी एकत्र दिसायला हव्यात. पांढरे भाग निळसर झाले असतील तर तो मात्र रंग नव्हे. तिथे प्रकाश जास्त पडला होता. गालांवरची गुलाबी छटा आणि दागिन्यांवरचं सोनेरी हे कोरडी पूड ब्रशने लावून केलेलं त्याच काळातलं काम. ते हलक्या हाताचं असेल तर प्लेटची शोभा वाढते.

पाचवी पायरी: आता गोष्ट ऐका, पण हाताची घडी घालून

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि इथे तर वस्तूच आरसा आहे.

सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे नाव. एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीचं उदाहरण घ्या. मोठेपणीचं तिचं सर्वमान्य छायाचित्र एकच, १८४७ च्या सुमाराचा डॅगेरोटाइप, तो ॲमहर्स्ट कॉलेजकडे आहे. २०१२ मध्ये दोन स्त्रियांचा दुसरा एक डॅगेरोटाइप चर्चेत आला. त्यातली एक डिकिन्सन असावी म्हणून डोळ्यांची मोजमापं झाली, झग्याच्या कापडाचा माग काढला गेला, तरीही सगळ्यांचं एकमत झालं नाही. इतका अभ्यास होऊनही ही गत, तर "चेहरा अगदी तसाच दिसतो" एवढ्यावर कुणी प्रसिद्ध बाईचं नाव लावत असेल तर त्या नावाचे पैसे देऊ नका. डबीत त्याच काळची चिठ्ठी असणं किंवा कुटुंबाकडून थेट आलेली नोंद असणं, याला वजन आहे.

दुसरी गोष्ट मृत्यूची. मृतांची, विशेषतः लहान मुलांची चित्रं त्या काळी खरोखर घेतली जात, आणि मांडीवर मेलेलं बाळ घेऊन बसलेली आई बघणं सोपं नसतं. पण मृत माणसाला आधार लावून उभं केल्याच्या कथा खोट्या आहेत. तो लोखंडी आधार जिवंत माणसाचं डोकं स्थिर ठेवण्यासाठी होता, प्रेत तोलून धरण्याइतका तो भक्कमच नव्हता. डोळे अर्धवट मिटलेली बाई बहुतेक वेळा पापणी लवलेली बाईच असते.

तिसरी गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे किंमत बाजूला ठेवून विचार करावा लागतो. गुलामगिरीतल्या स्त्रियांची चित्रं, गोऱ्या मुलाला मांडीवर घेतलेल्या काळ्या दाया, यांना बाजारात मोठी मागणी आहे. १८५० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया इथे लुई अगासी या शास्त्रज्ञासाठी गुलाम माणसांचे डॅगेरोटाइप घेतले गेले. त्यात डेलिया आणि ड्राना या दोघींना कंबरेपर्यंत उघडं बसवलं होतं. १९७६ मध्ये त्या प्लेट्स हार्वर्डच्या पीबडी म्युझियममध्ये सापडल्या. त्या कुणाच्या, यावर पुढे कोर्टात दावा चालला. अशा चित्रात बसलेल्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. अशी प्लेट समोर आली तर नवशिक्याने ती संग्रहालयाकडे जाईल असं बघावं, असं मला वाटतं. फ्रान्समधल्या विवस्त्र स्त्रियांच्या स्टिरिओ (जोडचित्रांच्या) प्लेट्सचाही स्वतंत्र, फार महाग बाजार आहे. नकलांचा धोकाही तिथे मोठा, म्हणून पहिली काही वर्षं तिकडे न वळलेलं बरं.

सहावी पायरी: दोष ओळखा

मॅटच्या कडेने आत सरकत आलेली निळी-तपकिरी, इंद्रधनुषी कड म्हणजे चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडलेली. हलकी असेल तर मला ती आवडते, चेहऱ्याभोवती प्रभावळ दिसते. चेहऱ्यावर आली असेल तर किंमत उतरते. हिरवे ठिपके म्हणजे खालचं तांबं बाहेर आलंय. धुकट थर आणि बारीक थेंब बहुतेक वेळा प्लेटवर नसून जुन्या काचेच्या आतल्या बाजूला असतात. काच झिजते आणि 'रडते'. हे दुरुस्त होऊ शकतं, आणि अशा प्लेट्स कधीकधी स्वस्तात मिळतात. समांतर, बारीक ओरखड्यांचा झाडू फिरवल्यासारखा पट्टा मात्र कायमचा. तो कुणीतरी प्रेमाने पुसल्याचा असतो. चेहऱ्यावर असा पट्टा असलेली प्लेट घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

सातवी पायरी: घरी आल्यावर काय करायचं (थोडं) आणि काय नाही (बरंच)

पुसायचं नाही. फुंकरही मारायची नाही, थुंकीचा थेंब डाग पाडतो. चांदी उजळायची पावडर, पातळ रसायनं, इंटरनेटवरचे उपाय, काही नाही. त्या काळी छायाचित्रकार सायनाइडने प्लेट्स धूत. विसाव्या शतकात थायोयुरिया या रसायनाची चलती आली. त्या वेळी प्लेट्स चकचकीत दिसल्या, पण थायोयुरियाने धुतलेल्या कित्येक प्लेट्सवर पुढे नवे डाग उमटले. काच बदलायची असेल, पट्टी नव्याने बांधायची असेल तर ते काम छायाचित्रांच्या संवर्धकाचं.

डबी उघडताना बिजागरीकडची बाजू हाताने धरा, जुनं चामडं तिथेच तुटतं. आकडी ओढू नका, सोडवा. पुडकं बाहेर काढायचंच असेल तर काचेवर लहान रबरी चूषक लावून सरळ वर उचला. सुरी घालून उचकटू नका. युनियन केसमध्ये घट्ट बसलं असेल तर राहू द्या.

कोरडी, थंड, स्थिर हवा असलेली जागा बघा. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास असली की पुरे. आम्लरहित कागदाची खोकी वापरा. रबरबँड, लोकर आणि ताजा रंग दिलेलं कपाट यांपासून लांब ठेवा, गंधक आणि वाफा तिथून येतात. उन्हात मांडू नका: मखमल विटते, गालांवरचा रंग उडतो. प्लेटला तर उजेडाने काही होत नाही असं पूर्वी मानलं जायचं, पण २००५ साली साउथवर्थ आणि हॉज यांच्या मोठ्या प्रदर्शनात काही प्लेट्स प्रदर्शन चालू असतानाच बिघडायला लागल्या. तेव्हापासून मी माझ्या प्लेट्स दाखवतो आणि लगेच डबी बंद करतो.

फोटो काढायची सोपी रीत: काळ्या पुठ्ठ्याला कॅमेऱ्याच्या भिंगाएवढं भोक पाडा, त्यातून तो डोकवा, आणि उजेड बाजूने द्या. प्लेटला समोर फक्त काळं दिसलं की ती बाईला समोर आणते.

शेवटची पायरी: वही

प्रत्येक प्लेटसाठी एक पान. आकार, मॅट, डबी, पट्टी शाबूत की तुटकी, दोष, कुणाकडून आणि कधी घेतली, विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत. आपले अंदाज वेगळ्या रकान्यात, तारखेसह, कारण ते बदलतात. डबीवर किंवा आतल्या कागदावर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलीनेही नाही.

आणि डबीत जे काही सापडेल ते तिथेच राहू द्या. मखमलीखाली वर्तमानपत्राचा तुकडा, स्टुडिओचं कार्ड, केसांची बट, दुमडलेली चिठ्ठी. माझ्याकडच्या एका षष्ठांश प्लेटमागे शाईने एवढंच लिहिलेलं सापडलं: "मावशी, लग्नाआधी". वहीतल्या पानावर नावाच्या रकान्यात मी तेच लिहिलंय.